आठ पेडांची दोरी

दोरी करण्याच्या मुख्य रीती दोन : एक वळण्याची आणि दुसरी गुंफण्याची. नारळाच्या काथ्याचे तंतू वळून सुंभ तयार करतात. सुंभाचे सारे बळ त्याच्या पिळात असते. परंतु त्याचे टोक मोकळे राहिले, की पीळ उलगडू लागतो आणि तंतू सुटे होतात. गुंफलेल्या दोरीची गोष्ट वेगळी. आई मुलीच्या केसांची तिपेडी वेणी घालते, तेव्हा ती कोणत्याच पेडाला पीळ देत नाही. प्रत्येक पेड शेजारच्या पेडावरून आळीपाळीने मधोमध येतो आणि तिन्ही पेड एकमेकांना धरून ठेवतात. येथे बळ पिळाचे नसते. ते पेडांच्या क्रमाचे असते.

वेणीला तीन पेड पुरतात. पेड आठ घेतले, सोळा घेतले किंवा चोवीस घेतले, तर क्रम कसा ठेवावा? हा प्रश्न जपानमधील कारागिरांनी शतकानुशतके हाताळला आणि त्यातून एक सुंदर कला सिद्ध केली. तिचे नाव कुमिहिमो. ‘कुमी’ म्हणजे जुळवणे किंवा गुंफणे आणि ‘हिमो’ म्हणजे दोरी.

ही विद्या चीन व कोरिया या देशांतून, बौद्ध धर्माच्या प्रसाराबरोबर जपानात पोचली. नारा या प्राचीन राजधानीच्या नगरात तोदाइजी नावाचे विशाल बुद्धमंदिर आहे. तेथील शोसोइन या लाकडी भांडारात आठव्या शतकातील अनेक मौल्यवान वस्तू जतन झाल्या. त्या वस्तूंमध्ये गुंफलेल्या रेशमी दोऱ्याही आहेत. प्रथम या दोऱ्या धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या बांधण्यासाठी आणि राजदरबारातील पोशाखासाठी वापरीत. पुढे सामुराई योद्ध्यांचा काळ आला. त्यांची चिलखते लोखंडाच्या किंवा चामड्याच्या लहान लहान पट्ट्या दोरीने ओवून तयार होत. अशा दोरीला ताण सोसावा लागे, अंगाच्या हालचालीबरोबर वाकावे लागे आणि घामापावसातही टिकावे लागे. तलवारीच्या म्यानालाही अशीच दोरी लागे. त्यामुळे दोरी गुंफणारा कारागीर हा योद्ध्यांच्या जीवनातील एक आवश्यक माणूस होऊन बसला.

सन 1876 मध्ये जपान सरकारने फर्मान काढले, की लष्कर, पोलीस आणि विशेष समारंभ यांखेरीज कोणीही तलवार धारण करू नये. एका फर्मानाने तलवारी कमरेवरून उतरल्या आणि त्यांच्याबरोबर दोऱ्यांची मागणीही ओसरली. पिढ्यानपिढ्या चालत आलेला धंदा बुडण्याची वेळ आली. परंतु कारागिरांनी आपली विद्या टाकून दिली नाही. जपानी स्त्रिया किमोनो या पोशाखावर ओबी नावाचा रुंद पट्टा बांधतात. तो पट्टा सुटू नये म्हणून त्याच्या मध्यावरून एक गुंफलेली दोरी आवळतात. तिला ओबिजिमे म्हणतात. जे हात काल तलवारीची दोरी गुंफीत होते, तेच हात आता ओबिजिमे गुंफू लागले. योद्ध्याच्या कमरेची शोभा गृहिणीच्या कमरेला आली आणि कला वाचली.

मिए प्रांतातील इगा हा भाग या कलेसाठी आज विशेष प्रसिद्ध आहे. 1902 साली तोकुसाबुरो हिरोसावा या कारागिराने तोक्योची रीत शिकून घेतली, आपल्या गावी परत येऊन हा व्यवसाय सुरू केला आणि तो तेथे रुजला. तलवारबंदीच्या फर्मानानंतर बरोबर 100 वर्षांनी, म्हणजे 1976 साली, इगाच्या आणि क्योतोच्या दोऱ्यांना जपान सरकारने पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून मान्यता दिली. आज यंत्रेही दोरी गुंफतात. तरीही हाताने गुंफणारे कारागीर तेथे आहेत.

हा कारागीर ज्या साधनावर काम करतो, त्याला मारुदाई म्हणतात. ‘मारु’ म्हणजे गोल आणि ‘दाई’ म्हणजे घडवंची. चार पायांवर उभी असलेली ही लहानशी लाकडी घडवंची असते. तिच्या वरच्या गोल, गुळगुळीत फळीला ‘कागामी’ म्हणजे आरसा असे नाव आहे. फळीच्या मध्यभागी एक भोक असते. सर्व पेडांची एकीकडची टोके एकत्र बांधून त्या भोकातून खाली सोडतात. दुसरीकडची टोके फळीच्या कडेवरून चारी बाजूंना लोंबत राहतात. प्रत्येक टोकाला एक वजनदार रीळ असते. त्याला ‘तामा’ म्हणतात. सर्व तामा सारख्या वजनाचे असतात, म्हणून सर्व पेडांवर ताण सारखा राहतो. कारागीर पेड उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवतो आणि गुंफलेली दोरी भोकातून हळूहळू खाली उतरत जाते.

तामा पेडांना बाहेर ओढतात. मग दोरीला खाली ओढणारे कोण? त्यासाठी दोरीच्या आरंभीच्या गाठीला खालून आणखी एक वजन बांधतात. हे वजन साधारणपणे सर्व तामांच्या एकत्रित वजनाच्या निम्मे असते. आठ तामा प्रत्येकी 70 ग्रॅमचे असतील, तर त्यांचे वजन 560 ग्रॅम होते. म्हणून खालचे वजन सुमारे 280 ग्रॅम घ्यावे लागते. खालचे वजन वाढवले, तर दोरी लवकर खाली ओढली जाते आणि सैल व मऊ होते; ते कमी केले, तर दोरी घट्ट व कडक होते. ओबिजिमे किती लवचीक असावी, हे कारागीर वजनाच्या पिशवीत थोडी भर घालून किंवा तिच्यातून थोडे काढून ठरवतो.

नवशिक्यांसाठी हल्ली एक सोपे साधन मिळते. ती फोमची गोल चकती असते. तिच्या मध्यभागी भोक असते आणि कडेला 32 खाचा असतात. पेड खाचेत दाबून बसवला, की खाच त्याला पकडून ठेवते. त्यामुळे तामांची गरज उरत नाही. जाड पुठ्ठ्याचीही अशी चकती करता येते. प्रथम 15 सेंटिमीटर व्यासाचे कागदी वर्तुळ कापावे. ते चार वेळा मधोमध दुमडून उघडले, म्हणजे त्याचे 16 सारखे भाग होतात. प्रत्येक भागाचे पुन्हा दोन भाग केले, की 32 खुणा मिळतात. हा कागद पुठ्ठ्यावर चिकटवावा, खुणांवर सुमारे एक सेंटिमीटर खोल खाचा पाडाव्या आणि मध्यभागी तीन सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडावे. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने खाचांना 1 पासून 32 पर्यंत क्रमांक घालावेत.

आता दोऱ्याचा विचार करू. जपानी कारागीर परंपरेने रेशीम वापरतात. रेशमाला चमक असते. परंतु ते निसटते व महाग असते. शिकणाऱ्याच्या हाताला सुती दोरा बरा. तो खाचेत नीट बसतो आणि गाठही पक्की धरतो. भरतकामाचा सहा तारांचा सुती दोरा बाजारात लडीच्या रूपाने मिळतो. एका लडीत बहुधा 8 मीटर दोरा असतो. त्यांतच एक बहुरंगी प्रकार असतो. त्याची लडी रंगवताना तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या रंगांत बुडवतात. त्यामुळे एकच दोरा काही अंतर तांबडा, पुढे नारिंगी, नंतर पिवळा असा बदलत जातो आणि ठरावीक अंतरावर पुन्हा तांबडा होतो. या अंतराला रंगांचे आवर्तन म्हणता येईल. दोरा पट्टीवर धरून एका तांबड्याच्या आरंभापासून पुढच्या तांबड्याच्या आरंभापर्यंत मोजले, की आवर्तन कळते.

असा दोरा पाहून नवशिक्याला वाटते, की रंग तर दोऱ्यातच आहेत. आपण केवळ गुंफावे, म्हणजे दोरी आपोआप सुंदर होईल. परंतु तसे घडत नाही. आठ पेडांतील रंग एकमेकांच्या शेजारी कसे येतील, हे दोरा कापतानाच ठरते. म्हणून चकती हातात घेण्यापूर्वी हिशेब मांडावा लागतो.

समजा, मनगटावर बांधण्यासाठी 20 सेंटिमीटर लांबीची दोरी करावयाची आहे. गुंफताना पेड वळणे घेत जातात, शिवाय हातात धरण्यापुरती टोके उरावी लागतात. म्हणून प्रत्येक पेड दोरीच्या सुमारे तिप्पट, म्हणजे 60 सेंटिमीटर तरी घ्यावा. दोऱ्याच्या रंगांचे आवर्तन 40 सेंटिमीटरचे आहे, असे धरू. आता दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पट्ट्यांचा. सर्व आठ पेडांचा आरंभ एकाच रंगापासून झाला, तर आठही पेड एकदम तांबडे, पुढे एकदम नारिंगी, नंतर एकदम पिवळे होत जातात आणि दोरीवर रंगांचे पट्टे उमटतात. यासाठी 40 च्या पटीत, म्हणजे 80 सेंटिमीटरचे आठ तुकडे सलग कापावे. प्रत्येक तुकडा आपोआप एकाच रंगापासून सुरू होईल. आठ तुकड्यांना 640 सेंटिमीटर दोरा लागेल. तेव्हा एक लडी पुरेल.

दुसरा मार्ग मिश्रणाचा. प्रत्येक पेडाचा आरंभ वेगळ्या ठिकाणी झाला, तर दोरीवर सर्व रंग एकाच वेळी बारीक बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. यासाठी 65 सेंटिमीटरचे आठ तुकडे सलग कापावे. पहिला तुकडा आवर्तनाच्या आरंभी सुरू होईल. दुसरा 65 वर, म्हणजे पुढच्या आवर्तनातील 25 व्या सेंटिमीटरवर सुरू होईल. त्यानंतरचे अनुक्रमे 10, 35, 20, 5, 30 आणि 15 या ठिकाणी सुरू होतील. आठ पेडांचे आठ वेगळे आरंभ झाले आणि दोरा थोडाही वाया गेला नाही! हेच तुकडे 60 सेंटिमीटरचे कापले असते, तर आरंभ केवळ दोन ठिकाणी झाले असते. पाच सेंटिमीटरचा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु तो दोरीचे रूप पालटतो.

येथे एक चूक फार वेळा होते. आठ पेड कापण्याचे श्रम वाचावेत म्हणून शिकणारा चार लांब दोरे घेतो, मधोमध दुमडतो आणि त्यांचे आठ पेड करतो. एकरंगी दोऱ्याला ही युक्ती चालते. बहुरंगी दोऱ्यात मात्र दुमडीपासून एक बाजू पुढच्या रंगांकडे जाते आणि दुसरी मागच्या रंगांकडे. एक पेड पिवळ्याकडे चालला, तर त्याचा जोडीदार उलट तांबड्याकडे चालू लागतो आणि पट्टे विसकटतात. म्हणून पट्टे हवे असतील, तर पेड सुटे कापावे, प्रत्येकाच्या आरंभीच्या टोकाला कापताच बारीक गाठ मारावी आणि सर्व गाठी एकाच बाजूला ठेवाव्या. गडद रंग पाण्यात उतरतो किंवा काय, हेही दोऱ्याचा लहानसा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून आधीच पाहावे.

आता आठही पेडांची आरंभीची टोके एकत्र बांधून ती गाठ चकतीच्या भोकात सोडावी आणि तिला एखादी किल्ली वजन म्हणून बांधावी. पेडांच्या चार जोड्या चार दिशांना बसवाव्या : वर 32 व 1, उजवीकडे 8 व 9, खाली 16 व 17 आणि डावीकडे 24 व 25 या खाचांत. गाठ भोकाच्या अगदी मध्यावर यावयास हवी. लोंबणारे पेड पुठ्ठ्याच्या लहान तुकड्यांवर गुंडाळले, म्हणजे ते एकमेकांत अडकत नाहीत.

एवढी सिद्धता झाल्यावर गुंफण्याची कृती मात्र अगदी सोपी असते. वरच्या जोडीतील उजवा पेड उचलून खालच्या जोडीच्या उजवीकडे बसवावा. म्हणजे तो 1 क्रमांकाच्या खाचेतून 15 मध्ये जातो. मग खालच्या जोडीतील डावा पेड उचलून वरच्या जोडीच्या डावीकडे बसवावा. तो 17 मधून 31 मध्ये जातो. नंतर चकती पाव फिरवून उजवीकडची जोडी वर आणावी आणि हीच कृती पुन्हा करावी. चकती दरवेळी एकाच दिशेने फिरवावी. पेड उचलताना खाली-वर, डावे-उजवे हा क्रम चुकता कामा नये. काही वेळाने भोकातून गोल, भरीव आणि रेखीव दोरी खाली उतरू लागते. पेडावरचा रंगाचा पट्टा दोरीत तिरका बसतो. म्हणून दोऱ्यात तो जेवढा लांब होता, त्यापेक्षा दोरीत आखूड दिसतो.

काम मध्येच थांबवावे लागले, तर अनुभवी माणूस एक युक्ती करतो. वरचा पेड खाली आणल्यावर तो तेथेच थांबतो. मग खाली तीन पेड राहतात आणि वर एकच. पुन्हा काम हाती घेताना त्या तीन पेडांवरून कळते, की आता डावा पेड वर न्यावयाचा आहे. मांडणी स्वतःच आठवण देते.

आणि चूक झालीच तर? दोरी कापण्याचे कारण नाही. पेड ज्या क्रमाने आले, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते परत न्यावेत. दोरी तेवढीच उकलते आणि पेड जसेच्या तसे हाती येतात. ही गोष्ट गोव्यातील शिगम्यात गोफ नाचणारे चांगली जाणतात. मध्यभागी उंचावर बांधलेल्या रंगीत दोरांची टोके हातांत धरून ते एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत जातात आणि वर रंगीत गोफ गुंफला जातो. नंतर उलट पावलांनी नाचत ते तोच गोफ उलगडून दाखवतात. मारुदाईवर पेड फिरतात आणि माणूस बसलेला असतो. गोफात माणसेच पेडांबरोबर फिरतात. या दोन कला एकमेकींपासून दूर वाढल्या. परंतु दोन्हींचे तत्त्व एकच. एका नर्तकाचे पाऊल चुकले, तर सर्वांचा गोफ अडतो. एक पेड चुकीच्या खाचेत बसला, तर आठही पेडांची दोरी बिघडते.

हवी तेवढी लांबी झाली, की पेड खाचांतून सोडवून एकत्र गाठ मारावी. उरलेली टोके सारखी कापली, म्हणजे त्यांचाच छोटा गोंडा होतो. मग ती दोरी हातात घेऊन ओढून पाहावी. आठ सुती दोऱ्यांपैकी एकही दोरा एकटा असताना फार बळकट नव्हता. त्यांना कोणी पीळ दिला नाही, खळ लावली नाही, शिवलेही नाही. प्रत्येकाने केवळ आपली जागा आणि आपली पाळी सांभाळली. तलवारी गेल्या, चिलखते संग्रहालयांत जाऊन बसली. परंतु एवढे साधे तत्त्व ज्या हातांनी जपले, त्या हातांतील दोरी मात्र तुटली नाही.

शब्दार्थ

पेड – वेणीतील किंवा दोरीतील एक भाग. सुंभ – काथ्याची वळलेली दोरी. घडवंची – लाकडी तिवईसारखे आसन. लडी – दोऱ्याची सैल गुंडाळी. आवर्तन – पुन्हा पुन्हा येणारा क्रम. सिद्धता – तयारी. गोंडा – दोऱ्यांचा झुबका.

स्वाध्याय

1. वळलेली दोरी आणि गुंफलेली दोरी यांत कोणता फरक आहे?
2. सन 1876 च्या फर्मानामुळे कारागिरांवर कोणते संकट आले? त्यांनी त्यातून कोणता मार्ग काढला?
3. मारुदाईच्या खालचे वजन वाढवल्यास दोरी सैल का होते? चार-पाच वाक्यांत लिहा.
4. बहुरंगी दोरा मधोमध दुमडून दोन पेड केल्यास पट्टे का विसकटतात? आकृती काढून दाखवा.
5. एका दोऱ्याच्या रंगांचे आवर्तन 48 सेंटिमीटर आहे. आठ पेडांचे आरंभ सारख्या अंतरावर यावयाचे असतील, तर ते अंतर किती असावे?
6. ‘मांडणी स्वतःच आठवण देते’ या वाक्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट करा.
7. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : रुजणे, ओसरणे, क्षुल्लक, आळीपाळीने.
8. पुठ्ठ्याची चकती तयार करून आठ पेडांची एक दोरी गुंफा. दोरा कापण्यापूर्वी केलेला हिशेब वहीत लिहून ठेवा.